मुलांच्या वाढीचे वेळापत्रक
(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभासदांत चांगले तीन-चार डॉक्टर असताना मुलांच्या वाढीवर बोलायला रेल्वेतल्या डिप्लोमावाल्याला का उभे केले, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. सेक्रेटरी म्हणाले, "डॉक्टर बोलायला लागले की लोक औषधाचे नाव लिहून मागतात. तुम्ही बोला, म्हणजे लोक ऐकतील तरी." गेली काही वर्षे उत्सवातल्या बालविभागाची कामे माझ्याकडे असतात. चित्रकला, पाठांतर, वेशभूषा यांच्या निमित्ताने अडीच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची आपली मुले मी दरवर्षी पाहतो. त्याहून जास्त पाहतो ते त्यांच्या आई-वडिलांना. आज सांगणार आहे ते थोडे वाचून, थोडे डॉक्टर मित्रांना विचारून आणि थोडे डोळ्यांनी पाहून जमवलेले आहे.

आपल्याकडे मूल जन्मले की तुलना सुरू होते. पूर्वी ती जावाजावांत किंवा वाड्यात व्हायची, आता ती व्हॉट्सॲपवर होते. कोणाचे बाळ दहाव्या महिन्यात चालले की त्याचा व्हिडिओ सगळ्या गटांवर फिरतो, आणि ज्यांचे बाळ तेरा महिन्यांचे होऊनही भिंत धरून उभे आहे त्या घरात रात्रभर झोप नसते. या मंडळींसाठी मी माझ्या कामातले एक उदाहरण देतो. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर, असे पुस्तकात असते. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी ते नेमके तेवढेच भरत नाही. काही मिलिमीटर कमी-जास्त चालते, आणि किती चालते तेही पुस्तकातच दिलेले असते. त्याला आम्ही टॉलरन्स म्हणतो. त्या मर्यादेत असलेल्या रुळाला कोणी हात लावत नाही. मर्यादेबाहेर गेला की मात्र गाड्यांचा वेग उतरवतात आणि गँग कामाला लागते. "बघू पुढच्या महिन्यात" असे तेथे चालत नाही.

मुलांच्या वाढीचेही असेच टॉलरन्स ठरवलेले आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या निरोगी बाळांचा मोठा अभ्यास केला. त्यात आपला देशही होता. येथले केंद्र दक्षिण दिल्लीत होते. सहापैकी पाच देशांत, भारतासह, बाळ केव्हा बसते, रांगते, उभे राहते याच्याही नोंदी ठेवल्या आणि २००६ मध्ये ते आकडे प्रसिद्ध झाले. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने. कशालाही न धरता उभे राहणे ६.९ ते १६.९ महिने. एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे निरोगी, चांगल्या खात्यापित्या घरातले एक बाळ आठव्या महिन्यात पाऊल टाकते आणि दुसरे सतराव्या महिन्यात, आणि दोन्ही ठीक असतात. शंभरातली चार-पाच मुले तर हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत; बुडावर सरकतात, नाहीतर थेट उभी राहतात. आणि दहाव्या महिन्यात चालणारा पुढे गणितात पहिला येतो, असे अजून कोणाला आढळलेले नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण चांगली आहे, पण ती चालण्याबद्दल नाही.

हा झाला टॉलरन्स. त्याच्या बाहेर गेले, म्हणजे दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, तर मात्र आजीचा दिलासा पुरे धरू नये. डॉक्टरांना दाखवावे.

जेवणाबद्दल थोडे सांगतो, कारण त्याबद्दल सर्वांत जास्त तक्रारी येतात. "वर्षाचा होईपर्यंत छान खायचा हो, आता घास तोंडाला लावू देत नाही." जन्मतः तीन किलोचे बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊ किलोच्या आसपास जाते, म्हणजे तिप्पट होते. हाच वेग राहिला असता तर दुसऱ्या वाढदिवसाला ते २७ आणि तिसऱ्याला ८१ किलोचे झाले असते! उंचीचेही तसेच. पहिल्या वर्षी सुमारे २५ सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षी १२ च्या आसपास, आणि शाळेच्या वयात वर्षाला पाच-सहा. वाढ मंदावली की भूकही मंदावते, हे निसर्गाचेच गणित आहे. वजनाचा तक्ता बरोबर चालला असेल तर ताट घेऊन गच्चीपर्यंत मुलाच्या मागे धावण्याची गरज नाही. मोबाईल दाखवून भरवणे तर नकोच. दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि दोन ते चार या वयात दिवसाला फार तर एक तास, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. गावाकडची आजी व्हिडिओ कॉलवर बोलते ते मी यात धरत नाही. तो माझा स्वतःचा नियम आहे. जाता जाता, आपल्याकडे उष्टावण सहाव्या महिन्याच्या सुमाराला करतात, आणि आजचे शास्त्रही सहा महिने फक्त आईचे दूध आणि मग वरचे अन्न असेच सांगते. आपल्या आज्यांचे हे वेळापत्रक तरी बरोबर होते.

आता ज्यासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले त्या मुद्द्याकडे येतो. तो बोलण्याचा आहे, आणि बंगळूरमध्ये राहणाऱ्या आपल्या घरांचा खास आहे.

आमच्या विभागातला एक सहकारी, सोलापूरकडचा. त्याची परवानगी घेऊन, पण नाव न घेता सांगतो. मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. सगळ्याला "आ, आ" करायचा आणि हात धरून ओढत न्यायचा. ज्या प्लेस्कूलमध्ये घातला होता तेथे सांगितले, "घरात मराठी, बाहेर कन्नड, शाळेत इंग्लिश, त्यामुळे मूल गोंधळले आहे. घरात मराठी बंद करा, फक्त इंग्लिश बोला." आई-वडील बिचारे सांगितले तसे वागले. आई बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. ती तुटक वाक्यांत "कम, सिट, ईट" करू लागली. गाणी बंद, गोष्टी बंद. आणि त्या घरात आजी होती. तिला मराठीखेरीज काही येत नाही. आपल्या बोलण्याने नातवाचे नुकसान होते आहे असे तिला कोणीतरी सांगितले, आणि ती त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. नातू मांडीवर बसलेला आणि आजी गप्प, असे ते घर मी सहा-सात महिने पाहिले.

मुलगा तीन वर्षांचा झाला तरी फरक पडला नाही. मग एका डॉक्टरांनी विचारले, कान तपासलेत का? घरचे म्हणाले, "ऐकू येते की! क्वार्टरच्या मागून गाडी जाते, इंजिनाचा भोंगा वाजला की खिडकीकडे धावतो. कुकरची शिट्टी झाली की दचकतो." तपासणी झाली. दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाचा बहिरेपणा निघाला.

यात शास्त्र काय आहे ते समजून घेण्यासारखे आहे. बहिरेपणा म्हणजे दिवा चालू किंवा बंद असा प्रकार नसतो. इंजिनाचा भोंगा इतका मोठा असतो की अर्धवट ऐकणाऱ्यालाही तो ऐकू जातो. माणसाच्या बोलण्यातले आ, ओ असे स्वरही त्यामानाने जोरकस असतात. पण स, श, त, क, फ ही व्यंजने अगदी हलकी आणि बारीक पट्टीची असतात. ती त्या मुलापर्यंत पोचतच नव्हती. त्याला सगळे जग "आ, आ" असेच ऐकू येत होते, आणि तो तेच परत बोलत होता. मराठी बंद करून इंग्लिश सुरू केल्याने त्यात काय होणार? इंग्लिशमधला एसही त्याला ऐकू येत नव्हता! आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ज्या बाळाला ऐकू येत नाही तेसुद्धा पहिले काही महिने हुंकार देते, आवाज काढते. म्हणून घरच्यांना शंका येत नाही. "बाबाबा", "दादादा" अशी अक्षरांची माळ मात्र त्याच्याकडून वेळेवर सुरू होत नाही.

आता भाषांबद्दल. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने मूल मुके होत नाही, की उशिरा बोलते असेही नाही. यावर जगभर अभ्यास झाले आहेत, पण आपल्याला तर लांब जायलाच नको. निपाणीच्या, बेळगावच्या बाजारात जाऊन पाहा. चार वर्षांचे पोर आईशी मराठीत आणि शेजारच्या अज्जीशी कन्नडमध्ये भांडते. शहाजीराजांना बंगळूर जहागिरीत मिळाल्यापासून या शहरात मराठी बोलणारी घरे आहेत. तंजावरला व्यंकोजीराजांच्या काळापासून मराठी कुटुंबे घरात मराठी आणि दारात तमिळ बोलत आली. तेथे पिढ्यानुपिढ्या मुले उशिरा बोलली असती तर ती घरे कधीच मराठी विसरली असती.

हो, अशी मुले भाषांची सरमिसळ करतात. आपल्या बालविभागातली एक चिमुरडी मला म्हणाली, "काका, मला नीरू पाहिजे, मग ऊटा करणार." पाण्याला नीरू, जेवणाला ऊटा, आणि व्याकरण शुद्ध मराठी! याला गोंधळ म्हणत नाहीत. जो शब्द आधी हाती लागला तो तिने वापरला. दोन भाषांच्या मुलाचे शब्द मोजायचे असतील तर सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे, एवढे लक्षात ठेवा. "एका भाषेत दहाच शब्द येतात" म्हणून घाबरू नका. दुसऱ्या भाषेतले पंधरा त्यात मिळवा.

मग बोलण्याचा टॉलरन्स काय? वर्षाच्या आत अक्षरांची माळ लागली पाहिजे, नावाने हाक मारली की मान वळली पाहिजे, टाटा करणे, हात पुढे करणे अशा खुणा आल्या पाहिजेत. सोळाव्या महिन्यापर्यंत एखादा अर्थाचा शब्द. दीड वर्षाच्या सुमाराला "ते बघ" अशा अर्थाने बोट दाखवणे. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द, "बाबा आले", "दूदू दे". आणि येत असलेले शब्द कोणत्याही वयात गळायला लागले तर एक दिवसही थांबू नये. मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात हे खरे, पण तो फरक महिना-दोन महिन्यांचा असतो. "याचा मामाही चार वर्षांचा झाल्यावर बोलला" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की महाराष्ट्रातले सगळे मामा उशिरा बोलले असावेत असे वाटू लागले आहे.

शंका आली तर पहिली तपासणी कानांची. नवजात बाळाच्या कानात लहानसा प्रोब ठेवून काही मिनिटांत होणारी चाचणी असते, तिला ओएई म्हणतात. शंका राहिली तर मूल झोपलेले असताना बेरा नावाची चाचणी करतात. दुखणे, टोचणे काही नाही. जाणकारांचा ठोकताळा एक-तीन-सहा असा आहे: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. ज्या बाळाला जन्मल्यावर जास्त कावीळ झाली, ज्याला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, ज्याच्या घराण्यात लहानपणापासूनचा बहिरेपणा आहे, किंवा ज्याच्या आई-वडिलांचे लग्न नात्यात झाले आहे, त्याची तर जरूर करून घ्यावी. मामेबहिणीशी लग्न आपल्याकडेही होते आणि कर्नाटकातही, म्हणून मुद्दाम सांगितले.

आपले भाग्य असे की या विषयातली देशातली एक मोठी सरकारी संस्था येथून गाडीने तीन तासांच्या आत आहे. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, १९६५ साली स्थापन झालेली. लोक मैसूरला राजवाडा आणि वृंदावन पाहायला जातात, ही संस्था फार थोड्यांना माहीत असते. कान ठीक असूनही मूल डोळ्याला डोळा देत नसेल, आपल्याच नादात असेल, तर बंगळूरमध्येच निमहान्समध्ये मुलांच्या मानसोपचाराचा वेगळा विभाग आहे. त्या नावाला घाबरून लोक तेथे जायचे टाळतात. घाबरण्यासारखे तेथे काही नाही.

आमच्या सहकाऱ्याच्या मुलाला दोन्ही कानांना यंत्रे बसवली, स्पीच थेरपी सुरू झाली. थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, घरात याच्याशी सर्वांत जास्त कोण बोलते? उत्तर ऐकून त्यांनी आजीलाच कामाला लावले. दिवसभर बोला, भाजी निवडताना बोला, आंघोळ घालताना बोला, तुमच्या भाषेत बोला. ज्या भाषेत घरातले माणूस न अडखळता, मायेने, चुकत नाही ना याची धास्ती न घेता बोलते, त्याच भाषेत मूल पहिल्यांदा बोलायला शिकते. आज तो पहिलीत आहे. यंत्रे आहेत, अजून "श"ला "स" म्हणतो. आजीशी मराठीत आणि मित्रांशी कन्नडमध्ये भांडतो.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल बोलायचे तर मला कोसबाडला जावे लागते. ताराबाई मोडक यांनी आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले, मग १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि ताराबाईंनंतर अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत चालवले. आदिवासींची मुले शाळेत येईनात, तेव्हा या बाया शाळा घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. तीच अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखायला जायची, तर शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, खडे, पाने घेऊन मोजणे, निवडणे, ओवणे शिकवले. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. त्या पहिल्या ३३ मध्ये आपल्या मेळघाटातले धारणी होते आणि येथले मैसूरजवळचे टी. नरसीपूरही. आज कर्नाटकातल्या कोणत्याही खेड्यात कन्नड अक्षरांत "अंगनवाडी" अशी पाटी दिसते. ती दिसली की मला ताराबाईंची आठवण येते.

या बायांनी बिया निवडायला का दिल्या आणि लगेच पेन्सिल का दिली नाही, त्याला कारण आहे. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेचीच असतात. त्यांचे हाड बनणे एकामागून एक, काही वर्षे चालते. शेवटचे तर नऊ-दहा वर्षांच्या पुढे. तीन वर्षांचे मूल गोल काढू शकते, चारच्या सुमाराला अधिकचे चिन्ह, मग चौकोन, पाचला त्रिकोण. ज्याला त्रिकोण काढता येत नाही त्याच्याकडून "क" किंवा "के" गिरवून घेणे म्हणजे सिमेंट ओले असताना स्लीपरवरून गाडी नेण्यासारखे आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला आणि पहिलीला सहा वर्षे पूर्ण असा नियम सांगितला, तेव्हा आपल्यातलेच पालक "मुलाचे एक वर्ष गेले" म्हणून हळहळत होते. वर्ष गेले कोठे? ते त्याला मातीत, बिया ओवण्यात, सायकलवर वापरायला मिळाले.

सहा ते दहा-अकरा हा वाढीतला त्यातल्या त्यात शांत काळ. एकच सूचना. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. कोणताही दात पडून ती येत नाही, म्हणून लोक तिला दुधाची समजतात आणि किडली तरी "पडेलच की" म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, काढावी लागते.

पुढे मुली आधी वाढतात. त्यांची झपाट्याने वाढ अकरा-बाराला, मुलांची दोन वर्षांनी. म्हणून सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली उंच आणि मुलगे बुटके दिसतात. मुलींत बदल आठच्या आधी किंवा मुलांत नऊच्या आधी सुरू झाले, अथवा मुलींत तेरा आणि मुलांत चौदा उलटूनही सुरू झाले नाहीत, तर डॉक्टरांना विचारावे. या वयात शरीराचे झोपेचे घड्याळच पुढे सरकते. रात्री अकराला झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही, तो सगळा आळस नसतो. आणि आपल्या आरतीत तेरा-चौदा वर्षांचा एखादा मुलगा मध्येच फाटक्या आवाजात सूर लावतो, तेव्हा मोठी माणसे हसतात. पुढच्या वर्षी तो आरतीला उभा राहत नाही. कृपया हसू नका.

मैसूरच्या संस्थेचा पत्ता आणि बोलण्याच्या टप्प्यांचा तक्ता आम्ही मराठी आणि कन्नड दोन्हींत छापून सभागृहाच्या दारापाशी ठेवला आहे. दोन वर्षांखालील मुले घरात असतील त्यांनी एक प्रत न्यावी, आणि एक शेजारच्या कन्नड घरात द्यावी. तेथे आजीला दाखवा, तिला सांगा, बोलत राहा. आरतीची घंटा झाली, मी येथेच थांबतो. गणपती बाप्पा मोरया!